जवळून काढलेला फोटो

"मामा, मला अस्वल दाखवाल?"

जावयानं हे विचारलं तेव्हा सुभद्रा, म्हणजे माझी बायको, तुपाची वाटी घेऊन त्याच्या ताटावर वाकली होती. ती वाकलेलीच राहिली आणि तूप वरणात न पडता पाटावर सांडलं.

विचारायला मीच लावलं होतं. अधिक महिना होता आणि संध्याच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. आमच्या वऱ्हाडात या महिन्यात लेक-जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे आणि अनारसे करून घालतात, लक्ष्मी-नारायण समजून दोघांचे पाय धुतात आणि जावयाच्या हाती काहीतरी वाण ठेवतात. पण आमचे जावई काही घ्यायलाच तयार नव्हते. अंगठी म्हटलं तर बोटाला खाज येते म्हणाले. सफारीचं कापड म्हटलं तर कोण शिवतं हल्ली, म्हणाले. घड्याळ होतंच. शेवटी शेजारपाजारचे चार लोक पंगतीला बसले असताना मी छाती पुढे काढली आणि म्हटलं, "परागराव, तोंडातून शब्द काढा. इंगळे मास्तर हजर करतो का नाही पाहा."

त्यावर त्यांनी हा शब्द काढला.

आमचं गाव बुलढाण्याकडच्या डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरावर अभयारण्य, पायथ्याला आमची शेतं, आणि दोन्हीच्या मध्ये एक नाला. नाल्याच्या पल्याड जांभळीची दाट रांग आहे. जेठात जांभळं पिकली की अस्वलं उतरतात. आम्हाला त्याचं काही विशेष नाही. पण नाशिकच्या विमा कंपनीत खुर्चीवर बसून इतरांच्या अपघातांचे कागद तपासणाऱ्या माणसाला ते असणार. त्यातून या माणसाच्या गळ्यात कायम कॅमेरा. त्याला पुढे हातभर लांब भिंग. लग्नातसुद्धा हा नवरदेव मुंडावळ्या बाजूला करून स्वतःच्याच वरातीचे फोटो काढत होता.

मुलगा मात्र सोन्यासारखा होता, हे सांगून टाकतो. पाणी मागतानाही "त्रास नसेल तर" म्हणायचा. वडील तो दुसरीत असतानाच गेलेले. आई सरकारी दवाखान्यात नर्स, तिनं एकटीनं वाढवलेलं. लग्नात बापाच्या जागी त्याचे मामा उभे राहिले होते. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला होता, फक्त त्याच्याशी बोलायचं काय आणि कसं ते कळत नव्हतं. मी जन्मभर पी.टी.चा मास्तर. निवृत्त झालो तरी शिट्टी गळ्यातच. मला दोनच भाषा येतात, एक हुकमाची आणि दुसरी गप्प बसण्याची. जावयाला हुकूम देता येत नाही, म्हणून मी बहुतेक वेळ गप्प असायचो.

आणि जावयाला 'नाही' तर म्हणताच येत नाही. आमच्याकडे त्याला 'बघू' म्हणतात. 'बघू' म्हटलं की गावातला शेंबडा पोरगाही समजतो की हे काही व्हायचं नाही. मीही तेव्हा पंगतीत म्हणालो, "बघू."

"थँक्यू मामा," जावई म्हणाले. "मग उद्याच?"

---

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना शेतातल्या जागलीच्या माळ्यावर नेऊन बसवलं. चार खांबांवरचा, माणूसभर उंच. तिथून नाला दिसतो, नाल्यापलीकडची जांभळी दिसते. बिनधोक काम. आमच्या धुऱ्याला लागून श्रीपतचं शेत. श्रीपत आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तोही माळ्यावर येऊन बसला. त्याला पाहिलं की नवा माणूस आधी दचकतो, कारण त्याचा एक डोळा कायमचा मिटलेला आणि त्या बाजूचा गाल वर ओढून शिवलेला आहे.

"हे...?" परागरावांनी हळूच विचारलं.

"याच नाल्यात," श्रीपतच म्हणाला. त्याला हे सांगायला फार आवडतं. "मोहाचे दिवस होते. पहाटची वेळ. मी बिडी ओढत गुपचूप चाललो होतो. ते खाली मान घालून मोहं खाऊन राह्यली होती. तिनं मले पाह्यलं नाही, मी तिले पाह्यलं नाही. एकदम आमनेसामने! मी जेवढा भ्यालो तेवढीच ते भ्याली. फरक एवढाच का तिच्या हाताले नखं होती."

"बापरे. मग तुम्हाला राग नाही येत?"

"कोनाचा? चूक माही होती. हाकारा न करता गेलो."

हाकारा म्हणजे आमच्याकडची रीत. नाल्याकडे जायचं तर आवाज करत जायचं. खोकायचं, काठी दगडावर आपटायची, सोबत कुणी नसलं तर एकट्यानं मोठ्यानं बोलायचं. अस्वलाला फार लांबचं दिसत नाही आणि खाण्यात गुंग असलं की ऐकूही येत नाही. आपण येतोय हे तिला आधी कळलं पाहिजे, म्हणजे ती आपली आपण बाजूला होते. श्रीपत तर त्या दिवसापासून नाल्यावर जाताना सोयरिकीतल्या बाईला सांगावं तसं ओरडतो, "येऊन राह्यलो व माय, सरक जराशी!"

त्या संध्याकाळी ती आली. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो तसा त्याही वेळी आला. काळीभोर, झुबकेदार केसांची, आणि पाठीवर दोन पिल्लं. दोघंही आईच्या केसांना घट्ट धरून, एस.टी.त पहिल्यांदा बसलेल्या पोरांसारखी इकडे तिकडे बघत. तिनं जांभळीखाली अंग झटकलं, पिल्लं उतरली आणि सगळं कुटुंब जेवायला बसलं.

परागराव फोटो काढत सुटले. खट् खट् खट्. काळोख पडला तेव्हा त्यांनी मला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवले. हिरव्यात एक काळा ठिपका, त्याला चिकटून दोन लहान ठिपके.

"छान आहेत की," मी म्हटलं.

"डोळे नाही दिसत, मामा. सगळं काळ्यात काळं. ऑफिसच्या कॅलेंडरची स्पर्धा आहे, असला फोटो कोण घेणार?" मग त्या गोड आवाजात, "उद्या त्रास नसेल तर जरा जवळून?"

मी म्हटलं, "बघू."

घरी आल्यावर सुभद्रेला सांगितलं तर तिनं कणकेचा हात कपाळाला लावला. "सांगून टाका ना त्याहिले सरळ, का नाई जमत म्हणून!"

"तू सांग."

"मी कशी सांगू? मी सासू हावो."

"अन् मी कोन हाव?"

संध्यालाही मी विचारलं. तूच सांग बाई तुझ्या नवऱ्याला. ती म्हणाली, "बाबा, त्यांना कुणी काही नाही म्हणतच नाही. आईसुद्धा नाही. त्यांना कळतच नाही हो." आणि मग माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही आहात ना सोबत? मग मला काळजी नाही."

हे वाक्य ऐकून मला रात्री नीट झोप लागली नाही. पोरीनं नवरा माझ्या हवाली केला होता. त्याला जसा नेला तसा परत आणायचा, एवढं एकच काम माझ्यावर होतं.

---

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही माळ्यावर न बसता नाल्याच्या अलीकडच्या बांधाआड बसलो. एवढ्यापर्यंत यायला मी मनाला कसंबसं पटवलं होतं. नाला कोरडाठक होता, आणि तो मध्ये आहे याचा मला धीर होता. श्रीपत त्याच्या धुऱ्यावर कडबा रचत होता.

मी रीतीप्रमाणे खाकरलो आणि काठी उचलली.

"मामा, प्लीज," परागराव कुजबुजले. "आवाज केला तर ती येणारच नाही."

आता याला काय सांगणार, की बाबा, आवाज तिला हाकलायला नसतो, सांगायला असतो? तिनं ठरवायचं असतं यायचं की नाही. पण पाहुण्याच्या तोंडावर असं कसं बोलायचं? मी काठी खाली ठेवली. तीस वर्षं ज्याच्या ओरडण्यानं मैदानापलीकडच्या पिठाच्या गिरणीतले लोक दचकायचे, तो मी जावयाच्या शेजारी उंदरासारखा बसून राहिलो.

ती आली. आज आणखी अलीकडे, नाल्याच्या अगदी काठावरच्या जांभळीखाली. पिल्लं उतरली. एक आईच्या पोटाखाली घुटमळत राहिलं, दुसरं जरा आगाऊ होतं, ते खाली पडलेली जांभळं वेचत वेचत नाल्याच्या उतारावर आलं. फोटो निघत होते, चांगले निघत असणार. मी मनात म्हटलं, झालं, आता अंधार पडेल, सुटलो.

तेवढ्यात परागराव बांधावरून पलीकडे सरकले.

"परागराव," मी हळूच म्हटलं.

डोळा कॅमेऱ्याला लावूनच ते नाल्यात उतरले.

"अहो पाहुणे... जावईबापू... जरा ऐकता का..."

काय ऐकतात! माझाच आवाज मला नीट ऐकू येत नव्हता. ते वाकून एकेक पाऊल टाकत चालले होते, आणि ते आगाऊ पिल्लू उताराच्या मध्यावर बसून हातातल्या जांभळाकडे बघत होतं. कॅमेऱ्याच्या भोकातून त्यांना फक्त आई दिसत होती. आपण आई आणि पिल्लू यांच्या किती जवळ चाललोय, हे त्यांना दिसत नव्हतं.

तिला मात्र आता वास आला. तिनं मान वर केली, नाक हलवलं, आणि मागच्या दोन पायांवर उभी राहिली. छातीवरचा पांढरा पट्टा स्वच्छ दिसला. फुस्स फुस्स असा श्वास मला बांधावर ऐकू येत होता.

"उभी राहिली!" परागराव आनंदानं पुटपुटले आणि आणखी एक पाऊल पुढे गेले.

मला श्रीपतचा गाल दिसला. त्याच्या जागी जावयाचा गाल दिसला. संध्या दिसली. त्यापुढचं मी ठरवून केलं नाही. मी बांधावर उभा राहिलो, शिट्टी तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकली. आणि मग पोटातून, मैदानावरच्या आवाजात, हुकूम सुटला:

"साव...धान!"

मराठी शाळेत शिकलेला माणूस कितीही मोठा झाला तरी त्याच्या टाचा या शब्दाला जुळतातच. परागराव जागच्या जागी ताठ झाले. हात मांड्यांना, नजर समोर, कॅमेरा पोटावर लोंबकळत. अस्वलीणसुद्धा दचकली. ती चार पायांवर आली आणि तिनं पिल्लांसाठी एक विचित्र, घोगरा आवाज काढला. आगाऊ पिल्लू उतार चढायला धडपडलं, घसरलं, पुन्हा चढलं. ते घसरलं तेव्हा ती आमच्या दिशेनं धावून आली. नाल्याच्या काठापर्यंत. माती उडाली. आणि तिथे थांबली.

सवयीनं माझ्या तोंडात 'पीछे मुड' आलं होतं. ते मी गिळलं. पाठ फिरवली की हा पळणार, आणि पळाला की ती मागे लागणार.

"तोंड समोर! पळायचं नाही! माह्या मोजणीवर एक-एक पाऊल मागं!" मी ओरडलो. "एक!"

एक पाऊल मागे आलं.

"दोन!"

दुसरं आलं. पोरगं थरथरत होतं पण पाऊल शिस्तीत पडत होतं. धुऱ्यावरून श्रीपतही पत्र्याचा डबा घेऊन धावत आला होता आणि त्यावर काठी बडवत ओरडत होता, "जाय व माय, जाय! काही करत नाही आमी! लेकरं घेऊन जाय!"

मी मोजत राहिलो. तिनं आमच्याकडे बघितलं, पिल्लाकडे बघितलं. आगाऊ कार्टं एकदाचं पाठीवर चढलं, दुसरं आधीच चढलेलं होतं. मग ती वळली आणि जांभळींमधून डोंगराकडे निघून गेली. जाताना पाठीवरची दोघंही मागे वळून आमच्याकडे बघत होती.

परागराव बांधावर चढून माझ्यासमोर आले. घामानं भिजलेले, पण चेहरा उजळलेला. दोन्ही हातांत कॅमेरा. "मामा! मिळाला! उभी राहिलेली मिळाली, मामा, डोळ्यांसकट! फक्त पिल्लं नाही आली त्यात. उद्या आपण जरा—"

'उद्या' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघाला आणि माझा हात सुटला.

खाडकन. कानाखाली. मैदानावरसुद्धा मी इतकी जोरात कुणाला मारली नव्हती. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा त्यांच्या हातांतला कॅमेरा खट् वाजला. तो हात मी कसाबसा वरच थांबवला.

"उद्या?" मी ओरडत होतो. "गाढवा, उद्या? मी सांगून राह्यलो, अक्कल हाय का तुले? तुले काही झालं असतं तं मी पोरीले कोनतं तोंड दाखवलं असतं रे? अन् तिचं काय? तिनं तुले फाडलं असतं तं गाव तिले सोडणार होतं का? काठ्या घेऊन निघाले असते सारे! ते दोन लेकरं मंग कोनाच्या पाठीवर बसली असती? सांग ना! कोनाच्या पाठीवर?"

तो गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. डोळे भरले होते. मला वाटलं, अपमानानं.

श्रीपतच्या हातातली काठी गळून पडली. "मास्तर," तो म्हणाला, "धोंड्याच्या महिन्यात जावयाले मारलं तू."

---

श्रीपतचे पाय माझ्यापेक्षा वेगानं चालतात आणि जीभ पायांपेक्षा वेगानं. आम्ही घरी पोचलो तेव्हा सुभद्रा दारात उभी होती.

"जावयावर हात टाकला तुमी? ज्याचे उद्या पाय धुवायचे त्याच्यावर?"

मला माफी मागायची होती, पण कशाची ते कळत नव्हतं. मारल्याचं वाईट वाटत होतं का? खरं सांगतो, नव्हतं. भीती वाटत होती. त्या पोराच्या घरी माझी पोर राहत होती. उद्या त्याच्या मनात हे सलत राहिलं तर तो मला काही बोलणार नाही, पण पोरीला माहेरी पाठवताना दहा वेळा विचार करेल. सुभद्रा त्या रात्री एवढंच म्हणाली, "पोरीचं माहेर तोडलं तुमी." आणि पलीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं मुख्य जेवण. अनारसे पितळी ताटात रचलेले, वर दिवा. लेक-जावई पाटावर. मी तांब्या घेऊन खाली बसलो. परागरावांच्या गालावर माझी बोटं अजून दिसत होती आणि पंगतीतले सगळे अनारशांकडे बघितल्यासारखं करून गालाकडे बघत होते. मी पायावर पाणी घातलं.

"परागराव," मी खालच्या आवाजात म्हटलं, "काल..."

"मामा, नको," ते घाईनं म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "नका काही बोलू."

संपलं, मी मनात म्हटलं. त्यांनी अनारशांचं वाण घेतलं, जेवले, सुभद्रेच्या पाया पडले, माझ्याही पडले, आणि रजा संपली म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघून गेले. आधी आठवडाभर राहायचं ठरलं होतं.

पावसाळाभर संध्याचे फोन येत राहिले. जावयाची चौकशी केली की "कामात आहेत, बाबा," म्हणायची. गावात मी कुठे बसलो की कुणीतरी हमखास म्हणायचं, "मास्तर, यंदा दिवाळीले जावई येऊन राह्यले का?" आणि बाकीचे कोपरानं एकमेकांना ढोसायचे.

---

दिवाळीचं मूळ घेऊन मीच नाशिकला गेलो. संध्याला माहेरी आणायचं तर बापानं जायला हवं. सुभद्रेनं चिवडा-चकल्यांचे डबे दिले आणि निघताना बजावलं, "तिथं शिट्टी गळ्यात घालू नका." मी ती खिशात ठेवली.

दार विहीणबाईंनी उघडलं. संध्या बाजारात गेली होती, परागराव ऑफिसात. बाईंनी पाणी दिलं, पंखा लावला आणि समोर बसल्या. शांत बाई. इंजेक्शन देण्याआधी नर्स बघते तसं माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हीच ना, माझ्या मुलाला मारलंत?"

मी उठून उभा राहिलो. सावधानमध्येच म्हणा ना. "विहीणबाई, मी..."

"बसा हो. मला एकदा बघायचं होतं तुम्हाला नीट, म्हणून म्हटलं." त्यांनी पदराच्या टोकाशी चाळा केला. "त्याचे बाबा गेले तेव्हापासून मी त्याच्यावर हात उचलला नाही. जमलंच नाही मला. शाळेतले मास्तर त्याला सोडून द्यायचे, बिचारा, बाप नाही. माझे भाऊ काही बोलायचे नाहीत, परक्याचं पोर. लहानपणी एकदा घरी आला आणि रडायला लागला. म्हटलं काय झालं? तर म्हणाला, सगळ्यांना घरी मार बसतो, मलाच कुणी मारत नाही. मी हसले होते तेव्हा. मला कळलं नव्हतं तो काय म्हणतोय ते."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुमच्याकडून त्या रात्री फोन केला त्यानं. रडत होता. मी घाबरले. म्हणाला, आई, मला मामांनी मारलं. मी म्हटलं, का रे? म्हणाला, मला काही झालं असतं म्हणून." त्या उठल्या. "चहा टाकते. तोवर ते बघा."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर हार घातलेला परागरावांच्या वडिलांचा फोटो होता. त्याच्या शेजारी दोन फोटो. एक लहान: हिरव्यात काळा ठिपका, त्याला चिकटून दोन लहान ठिपके. माळ्यावरून काढलेला. दुसरा चांगला हातभर मोठा, चौकटीत. तो आधी मला समजलाच नाही. संध्याकाळचा उजेड, मध्ये काहीतरी काळं, केसाळ, धूसर, अंगावर येणारं. वर उगारलेला पंजा. उघडलेला जबडा, त्यात दात. मग दिसली ती त्या काळ्याच्या गळ्यात लोंबणारी शिट्टी.

"लांबचं टिपणारं भिंग आहे, इतक्या जवळचं त्याला नीट दिसत नाही, म्हणून असा धूसर आलाय," मागून आवाज आला. परागराव ऑफिसातून आले होते. दारातच चपला काढत उभे होते. "आमच्या सोसायटीतले लोक विचारतात, एवढ्या जवळून अस्वलाचा फोटो कसा काय काढलास? मी सांगतो, ते माझे सासरे आहेत. कुणाला पटत नाही."

शाळेत पोरांनी मला नेमकं तेच नाव ठेवलं होतं, अस्वल. ते मी त्यांना सांगितलं नाही.

"आणि तो दुसरा?" मी विचारलं. "उभी राहिलेली? डोळ्यांसकट?"

"पुसून टाकला." ते जवळ आले. "गाडीत बसून मोठा करून बघितला, मामा. ती घाबरलेली होती हो त्यात. माझ्यामुळे. असा फोटो कॅलेंडरवर कसा लावायचा? हा लांबचा बरा. यात ती जेवतेय आपल्या पोरांबरोबर."

"मग पावसाळाभर एक फोन का केला नाहीस?" माझा आवाज चढला होता, माझ्याही नकळत.

ते खाली बघायला लागले. "काय बोलू ते कळत नव्हतं. फोन हातात घ्यायचो, ठेवायचो. तुमच्यासमोर रडू येईल असं वाटायचं."

आणि खरंच आलं त्यांना. मलाही आलं. एकमेकांशी बोलता न येणारे आम्ही दोन गडी त्या फोटोखाली उभे राहून डोळे पुसत होतो, तेव्हा संध्या भाजीच्या पिशव्या घेऊन आत आली आणि म्हणाली, "अगंबाई, आता काय झालं?"

---

याला आता बरीच वर्षं झाली. मध्ये दोन-तीन धोंडे येऊन गेले. परवाचा धोंडा पुन्हा जेठातच आला. परागच्या कानांवरचे केस पांढरे झालेत, माझे गुडघे गेलेत. पाय धुवायला खाली बसलो तर मला उठवायला त्यालाच हात द्यावा लागतो. यंदाही मी तांब्या ठेवून रीतीप्रमाणे विचारलं, "बोला जावईबापू, काय देऊ वाण?"

तो म्हणाला, "मामा, नाल्यात उतरून अस्वल बघायचंय."

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. सुभद्रेच्या हातात तुपाची वाटी होती. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याचा लबाडपणा ओळखला.

"नाही," मी म्हणालो.

'बघू' नाही. सरळ, चार लोकांत, जावयाच्या तोंडावर, 'नाही'. त्याचा चेहरा असा खुलला, की काय सांगू. पाटावरून वळून त्यानं संध्याला सांगितलं, सोबत आलेल्या त्याच्या आईला सांगितलं, शेजारी बसलेल्या श्रीपतलाही सांगितलं, "बघा, नाही म्हणाले मला!"

"जेव आता गुमान," मी म्हटलं. "मग माळ्यावर जाऊ."

जेवण झाल्यावर आम्ही दोघं निघालो. वाटेत मी खाकरलो, आणि त्यानं काठी दगडावर आपटली.